जुन्या बुद्धिबळ-मांडण्यांची परीक्षा : माणदेशांतील दप्तरांच्या निमित्तानें

(१) माण नदी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांत उगम पावून आटपाडी व सांगोला या भागांतून वाहत जाते व पंढरपुराच्या खालच्या अंगास भीमेस मिळते. तिच्या खोऱ्यास माणदेश हें नांव आहे. शंभुमहादेवाचा डोंगर आणि शिखर शिंगणापूरचें देवस्थान, म्हसवडचे माने, मलवडीचे घाटगे, आणि १९४८ पर्यंत औंधच्या प्रतिनिधींकडे असलेला आटपाडीचा मुलूख, इतकें म्हटलें म्हणजे या कोरड्या प्रदेशांत दप्तरें कां सांपडतात हें वाचकांस निराळें सांगावयास नको. अशा मुलखांत संग्रहासाठीं फिरणारा मनुष्य वतनाचे महजर, निवाडपत्रें, वंशावळी व तैनातजाबते प्रथम उचलतो, आणि तें योग्यहि आहे. परंतु रुमालाच्या तळाशीं चौसष्ट घरांचा पट आंखलेलें, त्यांत मोडी अक्षरांत 'रा', 'व', 'ह', 'घो' अशा खुणा घातलेलें एखादें सुटें पान निघालें, तर तें पोरखेळ म्हणून बाजूस टाकलें जाण्याचा संभव फार. तें टाकलें न गेलें तरी दुसरें एक संकट असतें. बुद्धिबळें जाणणारा कोणी स्नेही तें पाहतो, आजच्या नियमांनीं सोडवून बघतो, आणि 'मांडणी चुकली आहे' असा अभिप्राय देऊन परत करतो. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच कीं, असा अभिप्राय देण्यापूर्वी ती मांडणी कोणत्या नियमांखालीं रचली होती हें ठरविणें अवश्य आहे, आणि हें ठरविण्याचीं साधनें पुष्कळदा त्या पानांतच असतात, हें उदाहरणांनीं दाखवावें.

(२) बुद्धिबळाची मांडणी हा क्षुद्र विषय नव्हे, याची साक्ष आपली भाषाच देते. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारांत पदोपदीं येणारा 'मनसुबा' हा शब्द अरबी 'मन्सूबा' यापासून फारसीच्या द्वारें आला. त्या भाषांतून त्याचा एक रूढ अर्थ पटावर विचारपूर्वक रचलेली मोहऱ्यांची स्थिति असा आहे. बगदादच्या खलीफांच्या काळापासून अशा मन्सूब्यांचे संग्रह होत आले. आपल्या मुत्सद्द्यांनीं तोच शब्द राजकारणाच्या बेतास लावला. शत्रूस 'शह' देणें, त्यावर 'मात' करणें, हेहि प्रयोग पटावरूनच दरबारांत गेले. यावरून आमचे पूर्वज लढाई पटावरच शिकले असें कोणी म्हणूं नये. पण पटाची भाषा त्यांच्या तोंडीं बसली होती, एवढें निःसंशय. तेव्हां त्यांचे मनसुबे वाचण्यासाठीं आम्ही जितका खटाटोप करतों, त्याच्या शतांशानें तरी त्यांचे मन्सूबे वाचण्यासाठीं करावयास हवा.

दुसरें असें कीं, डाव पहिल्या खेळीपासून अखेरपर्यंत लिहून ठेवण्याची रीत आपल्या जुन्या खेळांत रुळली नव्हती. लिहिलें गेलें तें बहुधा शेवटच्या तीन-चार किंवा दहा-बारा खेळ्यांपुरतें: मोहरीं अमुक घरीं, खेळी पांढऱ्याची, अमुक खेळ्यांत मात. म्हणून पेशवाईंतील खेळाडू पटावर बसून विचार कसा करी, याची साक्ष द्यावयास आज मांडणीखेरीज दुसरा साक्षीदार फारसा उरला नाहीं.

(३) या विषयाची ग्रंथपरंपरा थोडक्यांत अशी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (११२६–११३८) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांतील क्रीडाविषयक पांचव्या विंशतींत चतुरंगाचें प्रकरण आहे. श्री. गो. के. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेल्या या ग्रंथाचा तिसरा खंड बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९६१ सालीं निघाला. परंतु त्यांतील चतुरंगाच्या श्लोकांकडे बुद्धिबळाच्या इतिहासकारांचें लक्ष बॉक-रामिंग या जर्मन पंडितांनीं १९९६ सालीं वेधलें. छापलेला ग्रंथहि पस्तीस वर्षें या दृष्टीनें कोणी उघडला नाहीं. मग रुमालांतील सुट्या पानांची गोष्ट काय विचारावी!

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत नीळकंठ भट्टानें 'भगवंतभास्करा'च्या नीतिमयूखांत बुद्धिबळाचें वर्णन केलें. नीळकंठ काशीचा ग्रंथकार खरा, पण त्याचें भट्ट घराणें मूळ पैठणचें. तेव्हां आपल्या लोकांस तो परका नव्हे. पटाच्या मधल्या दोन घरांत राजा व मंत्री, त्यांच्या दोहों बाजूंस उंट, मग घोडे, कोपऱ्यांत हत्ती, आणि पुढच्या ओळींत प्यादीं, ही मांडणी त्यानें सांगितली आहे, व तीच आपल्याकडे आजवर चालत आली. बर्लिनचे पंडित वेबर यांनीं १८७० नंतरच्या दशकांत हें प्रकरण युरोपांतील अभ्यासकांपुढें आणलें, आणि पुढें मरे यांच्या १९१३ च्या बृहद् इतिहासांत त्याचा उपयोग झाला.

तिसरा ग्रंथ आपल्या प्रदेशाच्या अगदीं जवळचा. पेशवाई चालू असतांनाच, १८१४ सालीं, मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें. त्यांत मुख्यतः मांडण्याच आहेत. त्याच्या मुखपृष्ठावर हे निबंध 'युरोपीय खेळाच्या रीतीस जुळवून घेतलेले' आहेत अशा अर्थाचे शब्द आहेत. संशोधकानें या शब्दांपाशीं थांबावयास पाहिजे. रीत जुळवून घेतली, याचा अर्थ मूळ रीत निराळी होती. आणि जुळवून घेतांना जें बसलें नसेल त्याची खूण छापील पानावर शोधून सांपडावयाची नाहीं. पुढें १८९३ सालीं पुण्यास विनायक राजाराम टोपे यांचें 'बुद्धिबळक्रीडा' हें मराठी पुस्तक निघालें. एतद्देशीय रीतीचा आधार म्हणून मरे यांनीं उपयोगिलेल्या पुस्तकांत तें आहे.

(४) आतां ती मूळ रीत. गांवोगांव तींत थोडाबहुत फरक असे, तथापि पुढील कलमें सर्वसाधारण होतीं. पहिलें: प्यादें सामान्यतः एकच घर पुढें चाले, आरंभीं दोन घरें चालण्याची मोकळीक नसे, असली तर कांहीं ठराविक प्याद्यांपुरतीच असे. दुसरें: राजा व हत्ती यांची एकत्र खेळी, जिला आज किल्लेकोट म्हणतात, ती नव्हती, तिच्या ऐवजीं राजास, त्याला तोंवर शह बसला नसेल तर, डावांत एकदां घोड्याची उडी घेतां येई. तिसरें, आणि आमच्या विषयास सर्वांत महत्त्वाचें: शेवटच्या घरीं पोंचलेलें प्यादें वाटेल तें मोहरें होत नसे. तें ज्या उभ्या ओळींत पोंचलें त्या ओळीच्या मूळ धन्याचें रूप घेई. हत्तीच्या ओळींत हत्ती, घोड्याच्या ओळींत घोडा, उंटाच्या ओळींत उंट, आणि राजा-वजिराच्या ओळींत वजीर. कित्येक ठिकाणीं तर तें मोहरें आधीं मारलें गेलेलें असलें तरच तें पुन्हां उभें राही. चौथें: एका पक्षाचा राजा एकटा उरला म्हणजे 'बुर्जी' होई, व डाव तेथेंच थांबे, तिची गणना पुऱ्या विजयांत नसे. पांचवें: मातेंत प्रतवारी होती. हत्तीची अगर वजिराची मात साधारण. प्याद्यानें दिलेली मात, म्हणजे 'प्यादेमात', सर्वांत मानाची.

पुढील उदाहरणें या नियमांचा परिणाम दिसावा म्हणून आम्हींच रचलीं आहेत. तीं कोणत्याहि दप्तरांतलीं नव्हेत. घरें दाखविण्याची रीत अशी: पांढरा खालीं बसला आहे असें समजावें. पहिला आंकडा त्याच्या डाव्या हाताकडून मोजलेल्या उभ्या ओळीचा, दुसरा खालून मोजलेल्या आडव्या ओळीचा. म्हणजे १-१ हें पांढऱ्याच्या डाव्या हाताचें कोपऱ्याचें घर, व ८-८ हें समोरच्या बाजूचें उजवें कोपऱ्याचें घर.

(५) पहिली मांडणी. पांढरा: राजा ७-६, प्यादें २-७. काळा: राजा ७-८, उंट १-८, हत्ती ८-२. खेळी पांढऱ्याची, एका खेळींत मात.

आजचा खेळाडू ही पाहतांच म्हणेल कीं येथें दोन उत्तरें आहेत. प्यादें सरळ २-८ वर नेऊन वजीर केला तरी मात, आणि १-८ वरील उंट मारून तेथें वजीर केला तरीहि मात. कारण दोन्ही वेळां वरची संपूर्ण आडवी ओळ वजिराच्या माऱ्यांत येते, आणि ६-७, ७-७, ८-७ हीं तीन घरें पांढऱ्या राजानें अडविलेलीं आहेत. एका मांडणीस दोन उत्तरें हा मांडणीचा मोठा दोष मानतात. तेव्हां निकाल ठरलेला: रचणारा कच्चा.

आतां जुन्या नियमानें पहा. २-८ हें घोड्याच्या ओळींतील घर. तेथें पोंचलेलें प्यादें घोडा होईल. त्यानें शहहि बसत नाहीं, मग मात कोठून? उलट काळा हत्ती ७-२ वर येऊन पांढऱ्या राजासच शह देईल. पण प्याद्यानें १-८ वरील उंट मारला, तर तें हत्तीच्या ओळींत गेलें व हत्ती झालें, आणि हत्तीच्या माऱ्यानें मात झाली. पांढऱ्याकडे राजा व प्यादें यांवांचून कांहींच नसल्यामुळें, गेलेलेंच मोहरें उठतें हा कडक नियम लावला तरीहि बाध येत नाहीं. उत्तर एकच, आणि तेंहि सहज न सुचणारें. आजच्या नियमांनीं सदोष ठरलेली मांडणी तिच्या स्वतःच्या नियमांनीं निर्दोष व मार्मिक आहे. उंट त्या कोपऱ्यांत कां ठेवला, या प्रश्नाचें उत्तर आजच्या नियमांत नाहीं. जुन्या नियमांत तोच सर्व मांडणीचा प्राण आहे.

यावरून परीक्षकास एक सूत्र मिळतें. मांडणींत वरच्या ओळीच्या जवळ प्यादें असेल, आणि आजच्या नियमानें उत्तरें एकाहून अधिक येत असतील, तर प्याद्यास ओळीच्या धन्याचें रूप देऊन पुन्हां सोडवून पाहावें. उत्तर एकच उरलें, तर ती मांडणी देशी रीतीची असल्याचा तो बलवत्तर पुरावा होय.

(६) दुसरी मांडणी. पांढरा: राजा ६-६, प्यादें ७-६, घोडा ७-५, हत्ती ८-१. काळा: राजा ७-८, घोडा १-१. खेळी पांढऱ्याची, वर मथळा 'प्यादेमात'.

मथळा न वाचतां सोडविणारा म्हणेल, दोन खेळ्यांत मात सोपी आहे. हत्ती आडवा ४-१ वर न्यावा. काळ्यानें कांहींहि केलें तरी पुढल्या खेळीस तो ४-८ वर जातो आणि मात होते. काळ्या राजाची घोडउडी शिल्लक आहे असें मानून तो ८-६ वर निसटला, तरी हत्ती परत ८-१ वर येतो व तेथेंहि मातच. मग तीन खेळ्यांचें उत्तर लिहिणाऱ्यास हें दिसलें नाहीं काय? त्यास दिसलें होतें, पण हवें होतें तें निराळें. त्याचें उत्तर असें: हत्ती एकदम ८-८ वर जाऊन शह देतो, म्हणजे बळी जातो. काळ्या राजास तो मारल्यावांचून दुसरी वाट नाहीं. ६-७, ७-७ व ८-७ हीं घरें पांढऱ्याच्या राजानें, प्याद्यानें व घोड्यानें धरलीं आहेत, आणि ६-८ वर हत्तीचाच मारा आहे. राजा ८-८ वर आला कीं पांढरा राजा शांतपणें ६-७ वर पाऊल टाकतो. आतां काळ्या राजास हलावयास जागाच नाहीं. त्याचा घोडा दूरच्या कोपऱ्यांतून एक उडी घेतो, ती व्यर्थ. तिसऱ्या खेळीस प्यादें ७-७ वर चढतें: शह, आणि मात. प्याद्यास राजाचें पाठबळ आहे, ८-७ घोड्यानें धरलें आहे, ७-८ राजानें. सर्वांत मोठें मोहरें देऊन सर्वांत लहानानें जिंकावयाचें, हा या कल्पनेचा रस आहे.

या मांडणीवरून पाठचिकित्सेच्या दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली मथळ्याची. 'प्यादेमात' हा शब्द शोभेचा नसून अट आहे. नक्कल करणाऱ्यानें तो गाळला कीं मूळ रचणारा मूर्ख ठरतो. दुसरी, १-१ वरील काळ्या घोड्याची. लढाई वरच्या उजव्या कोपऱ्यांत चालली असतां हा घोडा खालच्या डाव्या कोपऱ्यांत एकटा पडलेला आहे. निरुपयोगी म्हणून नकलाकार तो सोडून देण्याचा पूर्ण संभव. पण तो सुटला तर काय होतें तें पहावें. जुन्या रीतीनें काळा राजा एकटा उरतो, म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वींच बुर्जी झाली. आणि बुर्जी न मानली तरी, पांढरा राजा ६-७ वर आल्यावर काळ्यास एकहि खेळी उरत नाहीं. शह नाहीं आणि चालहि नाहीं, अशी कोंडी होऊन मातेची संधि जाते. म्हणजे तो घोडा काळ्याच्या रक्षणास ठेवलेला नसून त्याच्या नाशास ठेवलेला आहे. ग्रंथाच्या पोथींत एक अनुस्वार गळला तर अर्थ बदलतो. पटाच्या पानांत एक मोहरें गळलें तर अर्थच नाहींसा होतो.

शहापासून आरंभ होणारी उत्तरें जुन्या रीतीस विशेष सोयीचीं कां, हेंहि येथें दिसतें. राजाची घोडउडी शिल्लक आहे कीं संपली, हें नुसत्या पटावरून कळत नाहीं. पहिलीच खेळी शहाची असली म्हणजे उडीचा हक्क तेथेंच संपतो व संशयास जागा राहत नाहीं.

(७) तिसरा प्रकार मांडणीचा नव्हे, पण पटाचाच. चौसष्ट किंवा बत्तीस घरें काढून प्रत्येकांत एक एक अक्षर लिहिलेलें पान आढळलें, तर संग्राहक तें बहुधा यंत्र-मंत्रांच्या गठ्ठ्यांत घालतो. तें यंत्रहि असेल; परंतु तसें ठरविण्यापूर्वीं अडीच घरांची कसोटी लावून पाहावी. घोडा प्रत्येक घरास एकदांच भेट देऊन सर्व पट फिरतो, ही करामत आपल्याकडे फार जुनी. नवव्या शतकांतील रुद्रटाच्या 'काव्यालंकारां'त अर्ध्या पटावर, म्हणजे बत्तीस घरांवर, बसविलेला तुरगपदाचा चित्रबंध आहे. आणि नीळकंठानेंहि नीतिमयूखांत संपूर्ण पटावरील अश्वगतीचे श्लोक दिले आहेत.

कसोटी सोपी आहे. पानावरील अक्षरें ओळीनें वाचून अर्थ लागत नसेल, तर ज्या अक्षरानें एखादा श्लोक आरंभावा असें वाटतें तेथून घोड्याच्या चालीनें पुढचें अक्षर शोधावें. दोन-तीन वाटा फुटतील. त्यांतील जी शब्द बनवील ती धरावी. घोडा दर खेळीस घराचा रंग बदलतो, म्हणून विषम क्रमांकाचीं अक्षरें एका रंगाच्या घरांत व सम क्रमांकाचीं दुसऱ्या रंगाच्या घरांत पडलीं पाहिजेत. पट रंगविलेला नसला तरी ही तपासणी पेन्सिलीनें करतां येते. अक्षरांऐवजीं आंकडे असतील, तर प्रथम बेरजा कराव्या: आडव्या-उभ्या ओळींची बेरीज सारखी येत असेल तर तें अंकयंत्र, न येतां १ नंतर २, २ नंतर ३ असे आंकडे अडीच घरांच्या अंतरावर असतील तर ती घोड्याची फेरी. दोन्ही गुण एकत्र दिसले, तर तें पान विशेष जपून ठेवावें.

(८) नियम बदलले तरी विचाराची जुनी चाल कशी टिकते, याचें नोंदलेलें उदाहरण आपल्या प्रांतांत नसलें तरी देशांत आहे, व तें येथें उपयोगी पडेल. कलकत्त्यास १८५० च्या सुमारास जॉन कॉक्रेन नांवाच्या बॅरिस्टरानें महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली ब्राह्मणाशीं पुष्कळ डाव खेळून ते लिहून ठेविले. खेळ युरोपीय नियमांनीं होई. महेशचंद्र देशी रीतींत वाढलेला. दोन घरांची मोकळीक असूनहि तो प्यादीं पुष्कळदा एकेक घरच सरकवी, आणि घोड्यापुढचें प्यादें एक घर सारून उंट बगलेस बसवी. त्या काळच्या युरोपीय खेळाडूंस ही सुरुवात चमत्कारिक वाटली. आमच्या मतें ती चमत्कारिक नसून जुन्या नियमांची संवय होती: ज्या खेळांत प्यादें एकच घर चालतें, तेथें मधली घरें घाईनें व्यापतां येत नाहींत, तीं दुरून माऱ्यांत ठेवावीं लागतात. पुढें विसाव्या शतकांत याच सुरुवातींस जगभर मान मिळाला व त्यांतील कित्येकांस 'इंडियन' हेंच नांव पडलें.

१८५५ सालच्या एका डावांत तर महेशचंद्रानें, व्हिएन्नाच्या ग्र्युनफेल्डनें १९२२ सालीं प्रचारांत आणलेली रचना सदुसष्ट वर्षें आधीं केली. हा डाव मात्र तो हरला, आणि त्याचा शेवट शिकण्याजोगा आहे. पांढऱ्या कॉक्रेनचा घोडा ६-७ वरचें प्यादें मारून काळ्याच्या वजिरावर आला होता. त्याच्या मागें २-३ वर वजीर, काळ्या राजाच्या तिरप्या रेषेंत, घोड्याच्या आड दबलेला. महेशचंद्रानें घोडा १-५ वर नेऊन या वजिरावर मारा केला. परंतु आड असलेलें मोहरें हलण्याची वेळ आली म्हणजे मागचें बोलूं लागतें. पांढरा घोडा ८-६ वर उडाला: एक शह घोड्याचा, दुसरा वजिराचा. दुहेरी शहास मारणें वा आड घालणें चालत नाहीं, राजासच हलावें लागतें. तो ६-८ वर गेला तर ६-७ वर वजिराची मात. कोपऱ्यांत गेला तर वजीर ७-८ वर जाऊन बळी पडतो. काळ्या हत्तीस तो मारावाच लागतो. आणि आपल्याच हत्ती, उंट व प्यादें यांनीं कोंडलेल्या राजास ६-७ वर परत आलेला घोडा मात देतो.

मोठें मोहरें देऊन लहानानें जिंकण्याची ही कल्पना दुसऱ्या मांडणींतील कल्पनेहून निराळी नाहीं. फक्त प्याद्याच्या जागीं घोडा आहे. म्हणजे डावपेचाचें मर्म दोन्ही रीतींस समान असतें. नियम बदलले कीं त्याची वाट बदलते. म्हणूनच जुन्या मांडणीचा मर्मज्ञ होण्यास आजचा चांगला खेळाडू पात्र आहे, पण नियम पालटून घेतल्यावर. याचें उलट बाजूनें उत्तम उदाहरण सुलतान खान याचें. पंजाबांत देशी रीतीनें शिकलेला हा गृहस्थ युरोपीय नियम मागाहून शिकला. तथापि १९२८ सालीं अखिल हिंदुस्थानच्या स्पर्धेंत पहिला आला, आणि १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षीं विलायतेंतील अजिंक्यपद त्यानें मिळविलें. आरंभाच्या खेळ्यांत तो कच्चा व अखेरीच्या खेळांत पक्का म्हणून प्रसिद्ध होता. आरंभ नियमांवर अवलंबून असतो, अखेर विचारावर.

(९) माणदेशाच्या शेजारीं या कार्यास लागणारें दुसरें साधनहि आहे. सांगलीस १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झालें, व कै. भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या परिश्रमानें तें नगर बुद्धिबळाचें पीठ बनलें. स्वाती घाटे यांच्यासारखे खेळाडू तेथें तयार झाले. म्हणजे एका अंगास जुनीं दप्तरें व दुसऱ्या अंगास खेळाचे जाणकार, असा योग या भागांत जुळलेला आहे. उणीव आहे ती दोघांची गांठ पडण्याची. मोडी वाचणाऱ्यास मांडणी सुटत नाहीं, आणि मांडणी सोडविणाऱ्यास मोडी वाचतां येत नाहीं. एका पानापुढें दोघे बसले तर एका सायंकाळीं जें होईल, तें एकेकट्याच्यानें वर्षभरांत होणार नाहीं.

(१०) शेवटीं संग्राहकांस विनंति. पटाचें पान हातीं आलें तर प्रथम त्याची जशीच्या तशी नक्कल करावी. एकहि मोहरें 'व्यर्थ' म्हणून गाळूं नये, एकहि 'चूक' दुरुस्त करूं नये. कै. राजवाड्यांच्या वेळेपासून पत्रांच्या बाबतींत आपण जो दंडक पाळतों, तोच पटासहि लावावा. काळ्या व तांबड्या शाईच्या खुणा निरनिराळ्या नोंदवाव्या, कारण पक्ष ओळखण्याचें तेंच एक साधन असूं शकतें. पान कोणत्या बाजूनें धरलें असतां अक्षरें सुलट येतात तें लिहावें. त्यावांचून प्यादीं कोणत्या दिशेनें चालतात हें समजणार नाहीं. 'प्यादेमात', 'बुर्जी' यांसारखे मथळ्याचे वा समासांतील शब्द अक्षरशः उतरावे. तें पान कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं होतें तेंहि टिपावें. मांडणीवर मिति नसली तरी शेजारच्या हिशेबाच्या कागदावर असते. हें सर्व झाल्यावर मग ती सोडवावी; प्रथम जुन्या नियमांनीं, नंतर आजच्या. दोन उत्तरांतील फरक हाच त्या पानाच्या काळाचा पुरावा.

१८१४ च्या ग्रंथांत मांडण्या नव्या रीतीस जुळवून छापल्या गेल्या. त्या वेळीं वाचकांच्या सोयीसाठीं तें केलें गेलें असेल. पण त्यामुळें मूळ रचनेचा किती भाग लोपला याचें मोजमाप छापील ग्रंथावरून करतां येत नाहीं. तें करण्यास हस्तलिखितें पाहिजेत, आणि तीं आहेत तशींच पाहिजेत. म्हसवड, मलवडी, दहिवडी, आटपाडी या बाजूस जाणाऱ्या सभासदांनीं पुढच्या खेपेस रुमाल सोडतांना तळाचें पानहि उलगडून पाहावें, व त्यांत पट निघाल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. अशा दहा-वीस नकला एकत्र जमल्या, तर त्या परस्परांशीं ताडून या भागांत प्यादें किती घरें चालत असे, बुर्जीस किती मान होता, आणि मातेंत कोणती मात श्रेष्ठ गणली जाई, हें अनुमानानें नव्हे तर आधारानें सांगतां येईल.